म्हाताऱ्या मांजरीचं पोट सांभाळताना: खाणं, गोळ्या आणि वजनाची वही

आमची ठमी आता पंधरा वर्षांची आहे. तिला आतड्याचा जुनाट आजार आहे हे कळायला आम्हाला जवळजवळ वर्ष लागलं, आणि ते वर्ष गेलं याचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून हे सगळं नीट लिहून काढतेय, तुमच्या घरात म्हातारं मांजर असेल तर तुमचा तरी तेवढा वेळ वाचावा.

झालं असं की आठवड्यातून एकदा-दोनदा उलटी व्हायची, आम्ही म्हणायचो केसांचा गोळा असेल, चाटते ना स्वतःला सारखी. मग शी पातळ व्हायला लागली, कधी चांगली कधी पातळ, त्यामुळे चांगली झाली की आम्ही विसरून जायचो. सासूबाई म्हणायच्या "वय झालं गं तिचं", आणि मलाही ते पटायचं. वजन मात्र ४.१ किलोवरून ३.२ वर आलं आणि रोज बघणाऱ्या आम्हा चौघांच्या ते लक्षातही आलं नाही. दिवाळीला नणंद आली, तिने ठमीला उचललं आणि म्हणाली, "वहिनी, ही केवढी हलकी लागतेय!"

तर पहिली गोष्ट हीच, की वयामुळे मांजर आपोआप बारीक होतं असं धरून चालू नका. बारीक होतंय म्हणजे आत काहीतरी चालू आहे, ते शोधायचं. उलटी, जुलाब, भूक कमी किंवा उलट खूप वाढलेली, वजन उतरणं, यातलं काहीही तीन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं असेल तर ते जुनाट आहे असं डॉक्टर धरतात. आणि वारंवार होणाऱ्या उलट्या "मांजरं करतातच" म्हणून सोडून द्यायच्या नाहीत. वर्षात एखाददुसरा केसांचा गोळा ठीक आहे, दर आठवड्याला नाही.

वही आणि काटा, बाकी सगळं नंतर

औषधं आणि खाण्याकडे जायच्या आधी एक वही घ्या आणि एक वजनकाटा घ्या. बाथरूमच्या काट्यावर मांजराला कडेवर घेऊन उभं राहून मग आपलं वजन वजा करायचं, हे मी आधी करायचे, पण त्यात शंभर-दोनशे ग्रॅम इकडेतिकडे होतात आणि मांजराच्या बाबतीत नेमके तेवढेच महत्त्वाचे असतात. चार किलोच्या मांजराचं दोनशे ग्रॅम वजन उतरलं म्हणजे पाच टक्के गेलं, माणसात साठ किलोतले तीन किलो जावेत तसं. लहान बाळांचा डिजिटल काटा सगळ्यात चांगला, नाहीतर पाच-दहा किलो क्षमतेचा किचनचा काटा आणि त्यावर एक टोपली, टोपलीचं वजन शून्य करून घ्यायचं. दर रविवारी सकाळी, खाण्याआधी, त्याच काट्यावर.

वहीत रोज चारच गोष्टी: किती खाल्लं, उलटी झाली का (आणि काय पडलं: न पचलेलं खाणं, पिवळं पाणी, फेस), शी कशी होती, आणि गोळी गेली का. शी साठी एक ते सातची पट्टी वापरतात, एक म्हणजे कोरड्या कडक लेंड्या आणि सात म्हणजे नुसतं पाणी, आपल्याला दोन-तीन हवी. डॉक्टरांना "आता बरंय" सांगण्यापेक्षा "गेल्या चौदा दिवसांत दोन उलट्या, शी चारवरून तीनवर, वजन चाळीस ग्रॅम वाढलं" असं सांगितलं की औषध कमी करायचं की वाढवायचं हे त्यांना लगेच ठरवता येतं.

आणि या वहीवरूनच मला जो एक नियम कळला तो म्हणजे: एका वेळी एकच बदल. मी सुरुवातीला घाबरून एकाच आठवड्यात नवीन खाणं, प्रोबायोटिक, लाल भोपळा आणि एक कुणीतरी सांगितलेलं टॉनिक, सगळं सुरू केलं होतं. शी सुधारली, मग आठ दिवसांनी पुन्हा बिघडली, आणि कशाने सुधारली कशाने बिघडली काहीच कळेना, सगळं बंद करून पहिल्यापासून सुरू करावं लागलं. त्यात बिचारीचे तीन आठवडे गेले. म्हणून एक बदल, किमान दोन आठवडे थांबणं, वहीत बघणं, मग पुढचं.

आजार नक्की कुठला

आतड्याचा जुनाट दाह म्हणजे आतड्याच्या अस्तरात रोगप्रतिकारक पेशी गर्दी करून बसतात, अस्तर सुजतं, अन्न नीट शोषलं जात नाही. पण अशीच लक्षणं दुसऱ्या बऱ्याच आजारांत दिसतात आणि म्हाताऱ्या मांजरात ते सगळेच शक्य असतात, म्हणून तपासण्या टाळू नका: थायरॉईड वाढणं (यात मांजर भरपूर खातं तरी बारीक होतं), किडनी, डायबेटिस, स्वादुपिंडाची सूज, जंत आणि जिआर्डिया (आतड्यातला एक बारीक परजीवी). त्यासाठी रक्त, टी४ (थायरॉईडची रक्ततपासणी), लघवी, ताजी शी आणि सोनोग्राफी. रक्ताला उपाशीपोटी न्यायचं असेल तर किती तास ते डॉक्टरांना विचारा, म्हाताऱ्या मांजराला मनानेच रात्रभर उपाशी ठेवू नका. यादीत बी१२ ची तपासणी आहे ना तेही विचारा, ते महत्त्वाचं आहे, खाली सांगते.

सगळ्यात अवघड भाग असा की म्हाताऱ्या मांजरांत हा दाह आणि आतड्याचा सावकाश वाढणारा लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर, अगदी सारखे दिसतात. सोनोग्राफीत दोन्हींत आतड्याचा थर जाड दिसू शकतो. खात्रीने सांगायचं तर आतड्याचा तुकडा काढून तपासावा लागतो, एंडोस्कोपीने किंवा पोट उघडून, आणि दोन्हीला भूल लागते. आम्ही ठमीची बायोप्सी केली नाही. तिची किडनी थोडी कमजोर आहे, भुलीची भीती होती, आणि डॉक्टरांनी समजावलं की सावकाश वाढणारा लिम्फोमा निघाला तरी उपचारात प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी असणारच आहे, सोबत क्लोराम्ब्युसिल नावाची गोळी वाढेल, आणि तीही बरीच मांजरं चांगली सहन करतात. तुमचं मांजर दहा वर्षांचं आणि बाकी तब्येतीने चांगलं असेल तर निर्णय वेगळा होऊ शकतो. तो डॉक्टरांशी बसून घ्या, घाईत नाही.

इथे एक गोष्ट मी अगदी कळकळीने सांगते. सुरुवातीला एका क्लिनिकमध्ये ठमीला काहीच तपासण्या न करता महिनाभर टिकणारं स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं. ती दोन दिवसांत खायला लागली, आम्ही खूश, पण पुढे कळलं की स्टिरॉइड आधी दिलं तर सोनोग्राफी आणि बायोप्सीत खरा आजार झाकला जाऊ शकतो, आणि असं इंजेक्शन एकदा टोचलं की परत काढता येत नाही, साखर वाढली तर गोळीसारखी कमी करता येत नाही. गोळी अजिबातच जात नाही अशा मांजरांना इंजेक्शनशिवाय पर्याय नसतो हे खरं, पण ते शेवटचं, आणि तपासण्या झाल्यावर. "आधी तपासण्या करूया का?" हे विचारायला संकोच करू नका, मी केला नसता तर बरं झालं असतं.

खर्चाचं म्हणाल तर सगळं एकदम परवडेल असं नाही, आम्हीही दोन टप्प्यांत केलं. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल आणि व्हेटरनरी कॉलेज आहे, नागपूरला आणि शिरवळला व्हेटरनरी कॉलेजं आहेत, जवळ असाल तर तिथेही चौकशी करा.

खाणं

मांजराची तब्येत फार खालावलेली नसेल तर औषधाच्या आधी खाणं बदलून बघतात, आणि बऱ्याच मांजरांना तेवढ्यानेच फरक पडतो. दोन रस्ते आहेत. एक, हायड्रोलाइज्ड खाणं, यात प्रोटीनचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराला ते ओळखूच येत नाही आणि ते त्याच्यावर चिडत नाही. रॉयल कॅनिनचं हायपोअलर्जेनिक, हिल्सचं झेड-डी ही त्यातली नावं, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मागवायची. महाग आहेत. दुसरा रस्ता म्हणजे मांजराने आयुष्यात कधी न खाल्लेलं प्रोटीन. आपल्याकडच्या मांजरांनी चिकन आणि मासे जन्मभर खाल्लेले असतात, म्हणून "पोट बिघडलंय, उकडलेलं चिकन द्या" हे दोन दिवसांच्या जुलाबाला ठीक, पण ज्याला चिकनच सोसत नाही त्याला तेच देत राहतो आपण. मग बदक, लावा पक्षी, मटण असं काहीतरी बघावं लागतं, आणि तुमच्या घरी रविवारचं मटण मांजरापर्यंत पोचत असेल तर मटणही बाद.

नियम एकच आणि तो पाळणं भयंकर कठीण: चाचणी चालू असताना दुसरं काहीही नाही. ट्रीट नाही, दूध नाही, चवीचं जंताचं औषध नाही, शेजारच्या काकूंचा बोंबलाचा तुकडा नाही. आमच्याकडे सासूबाई पहाटे चहाच्या वेळी ठमीला वाटीत दूध द्यायच्या, पंधरा वर्षांची सवय दोघींची, ती सोडवणं मला गोळ्या देण्यापेक्षा अवघड गेलं. मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही, त्यांना जुलाब होतात, हे मी सांगून उपयोग झाला नाही, शेवटी डॉक्टरांकडे आईंनाच घेऊन गेले, त्यांनी सांगितल्यावर ऐकलं. आता त्या वेळेला आई तिला तिच्याच खाण्यातले चार दाणे हातावर देतात. दोघींचा वेळ तसाच राहिला, दूध तेवढं गेलं. घरातल्या माणसांना असं काहीतरी करायला द्या, नुसतं "देऊ नका" म्हटलं की लपूनछपून दिलं जातं.

पोटाच्या आजारात फरक पडणार असेल तर साधारण दोन आठवड्यांत दिसतो, त्वचेच्या ॲलर्जीसारखे दोन-दोन महिने थांबावं लागत नाही. दोन आठवड्यांत काहीच नाही तर दुसरा प्रकार. एक खाणं लागू पडलं नाही म्हणजे खाण्याने होणारच नाही असं नाही, आमचं दुसरं लागू पडलं.

बदल सावकाश करा. आठवडाभर तरी जुनं-नवीन मिसळून, पहिले दोन दिवस नवीन चमचाभरच. आणि "भूक लागली की खाईल" हे मांजराच्या बाबतीत कधीही करायचं नाही. कुत्रा एक दिवस उपाशी राहिला तर चालतं, पण मांजर दोन-तीन दिवस न खाता राहिलं तर लिव्हरमध्ये चरबी साचते आणि त्यात जीव जाऊ शकतो, विशेषतः जाड मांजरांत. ठमी नवीन खाणं वास घेऊन सोडून द्यायची, तेव्हा मी ते वाटीत घेऊन वाटी गरम पाण्यात ठेवायचे, अंगाएवढं कोमट झालं की वास सुटतो, म्हाताऱ्या मांजरांचं नाक मंद झालेलं असतं त्यांना तो वासच लागतो. चपटी बशी द्या, खोल वाटी नको. दिवसात दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडं थोडं. उरलेलं अर्ध्या-एक तासाने उचलून टाका, पुण्याच्या मे महिन्यात तर त्याआधीच.

घरी शिजवून द्यायचं मनात येतंच, माझ्याही आलं. नुसतं चिकन-भात महिनोन् महिने दिलं तर टॉरिन (मांजराला खाण्यातूनच मिळावा लागणारा एक घटक), कॅल्शियम, व्हिटॅमिन ए कमी पडतं, टॉरिन कमी पडलं की हृदय आणि डोळे दोन्ही जातात. घरचंच द्यायचं तर पशुआहाराच्या जाणकार डॉक्टरांकडून मापासकट रेसिपी आणि सप्लिमेंट लिहून घ्या. कांदा-लसूण अजिबात नाही, रश्श्यातलंही नाही, त्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. मीठ-हळद-मसाला नको. स्टिरॉइड चालू असताना कच्चं मांस-मासे नको, कारण प्रतिकारशक्ती आधीच दाबलेली असते. सुकट-जवळा खारट असतो, तोही नको.

लाल भोपळा आणि इसबगोल सगळेच सुचवतात, त्यांचा उपयोग कुठे होतो ते समजून घ्या. शी थोडी थोडी, सारखी, चिकट आव आणि ताजं लाल रक्त, कुंथणं, असं असेल तर बिघाड मोठ्या आतड्यात आहे आणि तिथे तंतूंचा फायदा होतो: उकडून कुस्करलेला लाल भोपळा एक छोटा चमचा, किंवा साधं सत इसबगोल पाव चमचा पाण्यात चांगलं भिजवून. साधंच, संत्र्याच्या स्वादाचं साखरवालं नाही. पण शी भरपूर, पातळ, सोबत उलट्या आणि वजन उतरतंय असं असेल तर लहान आतडं बिघडलंय, तिथे भोपळ्याने पोट भरतं आणि कॅलरी कमी जातात, म्हणजे तोटाच. ठमीचं असंच होतं आणि मी तिला महिनाभर मायेने भोपळा भरवत होते.

गोळ्या

खाण्याने पुरेसं भागलं नाही तर प्रेडनिसोलोन. नाव नीट वाचा, प्रेडनिसोन नाही, प्रेडनिसोलोन. मांजराच्या शरीरात प्रेडनिसोनचं रूपांतर नीट होत नाही, त्यामुळे गोळी जाते पण काम होत नाही. आपल्याकडे वायसोलोन, ओम्नाकॉर्टिल या नावांनी मिळणारं प्रेडनिसोलोनच असतं. सुरुवातीला साधारण किलोमागे एक ते दोन मिलिग्रॅम रोज देतात. ठमीचं वजन ३.२ होतं, तिला ५ मिलिग्रॅम रोज सुरू केलं, उलट्या पाचव्या दिवशी थांबल्या, शी बांधायला दोन आठवडे लागले. मग दर दोन-चार आठवड्यांनी पाव ते निम्मा डोस कमी करत करत जातात, जोवर लक्षणं परत येत नाहीत तोवर. आम्ही आता २.५ मिलिग्रॅम एक दिवसाआड आहोत. एकदा मी उत्साहात त्याच्याही खाली जाऊन बघितलं, बाराव्या दिवशी उलटी. वहीत लाल पेनाने लिहून ठेवलंय, म्हणजे पुन्हा तो मोह होणार नाही.

बरं वाटलं म्हणून गोळी एकदम बंद करायची नाही. बाहेरून स्टिरॉइड मिळत असलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, अचानक थांबलं तर मांजर गळून जातं. गोळ्यांची पट्टी संपायच्या आठ दिवस आधी दुसरी आणून ठेवा.

काय बघायचं: पाणी पिणं आणि लिटरमधले (मांजराच्या शी-शूच्या ट्रेमधल्या वाळूतले) लघवीचे गोळे. स्टिरॉइडने तहान-भूक थोडी वाढतेच, पण पाण्याची वाटी दिवसातून तीनदा भरावी लागतेय आणि गोळे मुठीएवढे होतायत तर साखर तपासा, स्टिरॉइडने मांजरांना डायबेटिस होऊ शकतो. हृदयाचा आजार असेल तर ते आधीच सांगा. आणि सांधेदुखीसाठी दुसऱ्या कुणी डॉक्टरांनी मेलोक्सिकॅम दिलं तर "प्रेडनिसोलोन चालू आहे" हे ओरडून सांगा, दोन्ही एकत्र गेली तर पोटात अल्सर होतात. क्रोसिन तर मांजराला कधीच नाही, ताप असो काही असो, एका गोळीने मांजर मरतं.

मेट्रोनिडाझोल ही अँटिबायोटिकची गोळी पूर्वी सर्रास द्यायचे, अजूनही देतात. आतड्यातले चांगले जंतूही त्याने जातात, आणि ती इतकी कडू की ठमीच्या तोंडाला तासभर फेस येत होता, त्यानंतर चार दिवस ती मला बघून पलंगाखाली जायची. डॉक्टरांनी दिली तर कशासाठी आणि किती दिवस हे विचारून घ्या.

क्लोराम्ब्युसिल दिलं तर ती केमोची गोळी आहे हे लक्षात ठेवा. तोडायची नाही, कुटायची नाही, ग्लोव्हज घालून द्यायची, फ्रिजमध्ये वेगळ्या डबीत ठेवायची, लिटरही ग्लोव्हज घालून काढायचं, घरात कुणी गरोदर असेल तर तिने यातल्या कशालाच हात लावायचा नाही, आणि ठरलेल्या तारखांना रक्त तपासायचं.

आता गोळी द्यायची कशी. लहान बाळाला दुपट्यात गुंडाळतो तसं टॉवेलमध्ये घट्ट गुंडाळायचं, डोकं तेवढं बाहेर. मांजर तुमच्याकडे पाठ करून मांडीवर. डाव्या हाताने गालफडं धरून डोकं किंचित वर, उजव्या हाताच्या मधल्या बोटाने खालचा जबडा उघडायचा आणि गोळी जिभेच्या मुळाशी, मधोमध, टाकायची नाही तर ठेवायची. तोंड मिटवून गळ्यावरून हात फिरवायचा, नाक चाटलं की गेली समजायचं. त्यानंतर पाणी, हे चुकवू नका: सिरिंजने गालाच्या बाजूने थोडं थोडं करून पाच मिली, किंवा लगेच चमचाभर ओलं खाणं. कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकून बसते आणि तिथे जखम होते. कडू गोळीचे तुकडे चार नंबरच्या रिकाम्या कॅप्सूलमध्ये घातले की चव लागत नाही, आमचं युद्ध त्या दिवसापासून संपलं. जेवणाच्या बशीत गोळी कुस्करून मिसळू नका, कडू लागलं तर मांजर ते खाणंच कायमचं सोडून देतं, आणि मोठ्या कष्टाने लागू पडलेलं खाणं हातचं जातं. कानाला लावायचं मलमही काही जण सुचवतात, पण प्रेडनिसोलोन त्वचेतून भरवशाने शोषलं जात नाही.

बी१२, भूक आणि मळमळ

बी१२ लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं, तोच भाग सुजला की ते शरीराला मिळत नाही, आणि ते कमी असेल तर खाणं, स्टिरॉइड कशाचाच पूर्ण गुण येत नाही. ठमीचं बरंच कमी निघालं. नेहमीची पद्धत म्हणजे २५० मायक्रोग्रॅम कातडीखाली, आठवड्यातून एकदा, सहा आठवडे, मग महिन्याने एक, मग पुन्हा तपासणी. ही टोचायला डॉक्टरांनी मला शिकवलं, इन्सुलिनची बारीक सुई, मानेमागची कातडी तंबूसारखी उचलायची, तिला कळतही नाही. केमिस्टकडची बरीच इंजेक्शनं बी१, बी६ मिसळलेली असतात, ती झोंबतात, म्हणून नुसतं बी१२ असलेलंच लिहून घ्या. तोंडाने रोज देऊनही चालतं. माझं मत विचाराल तर सगळ्या उपचारांत सगळ्यात जास्त फरक मला याने दिसला, तिसऱ्या इंजेक्शननंतर ती पुन्हा खिडकीच्या कट्ट्यावर उडी मारून बसली, आठ महिन्यांनी.

खाण्याजवळ येते, वास घेते, ओठ चाटते, गिळल्यासारखं करते आणि निघून जाते, याला आपण नखरे म्हणतो पण ती मळमळ असते. त्यासाठी मॅरोपिटंट किंवा ओंडान्सेट्रॉन देतात. मळमळ थांबली तरी भूक नसेल तर मिर्टाझापिन, साडेसात मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव तुकडा एक दिवसाआड, किडनीचा त्रास असेल तर त्याहून कमी वेळा. जास्त झाली तर मांजर रात्रभर ओरडत येरझारा घालतं, तुकडा नीट करा, पिल कटर आणा. सुरीने किंवा नखांनी तोडलेले तुकडे सारखे होत नाहीत.

मध्येच पुन्हा बिघडलं तर

बिघडतंच. आमच्याकडे गणपतीत ढोल-ताशाच्या दिवसांत आणि घरात पाहुणे असले की हमखास. आता त्या दहा दिवसांत आतल्या खोलीत तिचं लिटर, पाणी, अंथरूण सगळं ठेवते आणि दार लोटून घेते. बिघडलं की आधी वही बघा: गोळी चुकली का, नवीन काही पोटात गेलं का, खाण्याची बॅच नवीन उघडली का. एखादी उलटी होऊन मांजर परत खातंय तर एक दिवस थांबून बघता येतं.

पण पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही, उलट्या सारख्या होतायत, शी डांबरासारखी काळी, कानाच्या आत किंवा हिरड्यांवर पिवळेपणा, लघवीच होत नाहीये, तोंड उघडून श्वास, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी दवाखाना. या आजाराच्या मांजरांना स्वादुपिंड आणि यकृताची सूजही सोबत येऊ शकते, त्यामुळे "तिचं नेहमीचंच आहे" म्हणून रात्र काढू नका.

सगळं ठीक असताना पण तीन महिन्यांनी एकदा डॉक्टर, त्यात वजन, साखर, किडनी, बीपी, आणि सहा महिन्यांनी बी१२. ठमी गेल्या रविवारी ३.७४ होती.

गावाला जायचं असेल तर मांजराला होस्टेलमध्ये न ठेवता कुणाला तरी घरी बोलवा, आणि जायच्या आधी एकदा त्यांना तुमच्यासमोर गोळी द्यायला लावा. मी फ्रिजवर कागद लावून जाते, त्यावर गोळीच्या तारखा (एक दिवसाआडची गोळी दुसऱ्याच्या हमखास लक्षात राहत नाही, म्हणून कॅलेंडरवर गोल करून), किती ग्रॅम खाणं, डॉक्टरांचा आणि रात्रीच्या दवाखान्याचा नंबर, आणि सगळ्यात खाली मोठ्या अक्षरात, कितीही मागितलं तरी दूध द्यायचं नाही.